पॉलिमर संशोधकाचा प्राध्यापकपदासाठी अर्ज: १२० गुणांचा हिशेब

विद्यापीठात रसायनशास्त्राच्या प्राध्यापकपदावर थेट नेमणुकीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या विनियमांत चार गोष्टी मागितल्या आहेत: संबंधित किंवा संलग्न विषयातली पीएच.डी., पीअर रिव्ह्यूड (तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या) किंवा यूजीसीच्या यादीतल्या नियतकालिकांत किमान १० शोधनिबंध, १२० रिसर्च स्कोअर (संशोधनाचे गुण) आणि १० वर्षांचा अनुभव. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या (एनसीएल) राष्ट्रीय संस्थेत समकक्ष पदावर केलेलं संशोधनही अनुभवात धरलं जातं. आपल्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी पीएच.डी. झाल्याचा पुरावाही जोडावा लागतो.

अर्ज अडकतो तो बहुधा स्कोअरवर. पॉलिमरच्या कामात संश्लेषण एकाचं, जीपीसी (रेणूभार मोजण्याची चाचणी) दुसऱ्याची, रिओलॉजी (प्रवाहीपणाचा अभ्यास) तिसऱ्याची. निबंधावर सहज पाच नावं येतात. विज्ञान शाखेत एका निबंधाला ८ गुण आणि नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) २ ते ५ असेल तर वर २०, असे २८ होतात. दोनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्या किंवा करस्पाँडिंग (पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या) लेखकाला यातले ७० टक्के, म्हणजे १९.६, बाकी प्रत्येकाला ३० टक्के, म्हणजे ८.४. मधल्या नावाचे असे दहा निबंध धरले तरी बेरीज ८४ च. निबंधांची अट पुरी होते, गुणांची नाही. म्हणून लेखकांचा क्रम हस्तलिखित पाठवण्याआधीच ठरवून घ्या.

दुसरी अट हमखास नजरेतून सुटते. स्कोअरच्या तक्त्यात सहा गट आहेत आणि गुण त्यांपैकी किमान तीन गटांतून यायला हवेत. नुसत्या निबंधांचे २०० असून भागत नाही. पीएच.डी. मार्गदर्शन (पदवी मिळाल्यास १०, प्रबंध सादर झाल्यास ५, सहमार्गदर्शक असल्यास दोघांना ७-७) आणि दहा लाखांवरचा पूर्ण झालेला प्रकल्प (१०) हे दोन्ही एकाच गटात मोडतात. तिसरा गट पेटंटने भरतो: राष्ट्रीय ७, आंतरराष्ट्रीय १०. त्यासाठी मंजुरीचं प्रमाणपत्र जोडा, अर्जाच्या पावतीवर विसंबू नका. निमंत्रित व्याख्यानांवरही फार भिस्त ठेवू नये. धोरण-दस्तऐवज आणि व्याख्यानं मिळून एकूण स्कोअरच्या ३० टक्क्यांपर्यंतच धरतात.

प्रत्येक निबंधाचं पहिलं पान जोडा आणि करस्पाँडिंग लेखकाच्या खुणेवर पेनाने गोल करा. प्रकल्पाला मंजुरीपत्र आणि पूर्णत्वाचा दाखला, दोन्ही लावा.

अनुभवाच्या दाखल्यावर पद, वेतनश्रेणी, नेमणुकीचं स्वरूप आणि तारखा स्पष्ट हव्यात. नियमित शिक्षकापेक्षा कमी मासिक वेतनावर केलेली तात्पुरती सेवा धरली जात नाही. रजा घेऊन पीएच.डी. केली असेल तर तो काळही वजा होतो. नोकरी सांभाळून, रजा न घेता केली असेल तर सेवा पूर्ण मोजतात, तेव्हा संस्थेकडून तसा लेखी उल्लेख मागून घ्या.