काळा चौकोन आणि त्याच्या मागची गोष्ट

रशियन चित्रकार काझिमिर मालेविचचा ‘ब्लॅक स्क्वेअर’ मला आवडतो का हे अजून नीट सांगता येत नाही, पण डोक्यातून काही जात नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक काळा चौकोन, कॅनव्हास साधारण ८० बाय ८० सेंटिमीटर, संपलं. एवढ्यावर शंभर वर्षं लोक भांडतायत म्हणजे काहीतरी असणार ना, म्हणून मागचा इतिहास बघायला घेतला.

सुरुवात सापडते नाटकाच्या स्टेजवर. १९१३ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये ‘व्हिक्टरी ओव्हर द सन’ नावाचा ऑपेरा झाला, माणसं सूर्याला पकडून कोंडतात अशी त्याची गोष्ट, आणि पडदे-कपडे सगळे मालेविचचे. काळ्या-पांढऱ्या चौकोनाची कल्पना त्या डिझाइनमध्ये आधी येते, त्यामुळे चित्र १९१५ चं असूनही तो स्वतः तारीख १९१३ चीच लावायचा.

मग डिसेंबर १९१५, महायुद्ध चालू, शहराचं नाव आता पेट्रोग्राड, आणि ‘०,१०’ नावाचं प्रदर्शन. मला सगळ्यात जास्त पकडतं ते इथे. त्याने हा चौकोन इतर चित्रांच्या रांगेत लावलाच नाही, वर कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथे टांगला, आणि रशियन ऑर्थोडॉक्स घरात ती जागा देवाच्या चित्राची, आयकॉनची. तिथल्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नव्हती. समीक्षक अलेक्झांडर बेन्वा तर भडकलाच, मॅडोनाच्या, म्हणजे येशूची आई मेरीच्या, जागी ही मंडळी हे आणून बसवतायत म्हणून. मला वाटतं चित्राचं अर्धं बळ त्या कोपऱ्यात होतं, आपण फोटोत फक्त चौकोन बघतो आणि कोपरा गायब, मग कोड्यात पडणारच.

पुढे स्टालिनच्या काळात असल्या कलेला जागाच उरली नाही, १९३० ला मालेविचला अटकही झाली, आणि चित्र कित्येक दशकं गोदामात पडून राहिलं. १९३५ ला तो गेला तेव्हा अंत्ययात्रेच्या गाडीवर मात्र काळा चौकोन लावलेला होता.

त्याने हा चौकोन एकूण चार वेळा रंगवला. मूळ चित्राची अवस्था तोवर खराब झाली होती म्हणून १९२९ ला प्रदर्शनासाठी नवा केला. पण मला तो जुना, तडे गेलेलाच जास्त जवळचा वाटतो, कारण त्या तड्यांमधून खालचे रंग दिसतात! २०१५ ला मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीने एक्स-रे वगैरे करून तपासलं तर काळ्याच्या खाली एक नाही, दोन रंगीत चित्रं निघाली. आणि नीट बघितलं तर बाजूही पूर्ण सरळ नाहीत, हाताने काढलेल्या आहेत हे कळतं. ज्याला लोक रिकामं म्हणतात त्यात एवढं सगळं दाबून भरलंय, आणि छापील फोटोत यातलं जवळजवळ काहीच येत नाही.