शोमध्ये घेतलं म्हणजे न्याय झाला असं नसतंय

टीव्हीवर मास्टरशेफ या स्वयंपाकाच्या स्पर्धेचा नवीन सीझन आला की आमच्या कोल्हापुरात घराघरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते बघा कसा फेअर शो आहे, आसामचा पोरगा आहे, मेघालयची बाई आहे, गुजराती आजी पण आहेत. दुसरी म्हणते कसला फेअर, एकेका राज्यातला एकेक उचलायचा आणि टीआरपी घ्यायचा. दोघं बोलतात वेगवेगळ्या गोष्टींवर आणि भांडतात मात्र एकमेकांशी. विविधता म्हणजे ओट्यापर्यंत कोण कोण पोचलं, आणि निष्पक्षपणा म्हणजे पोचल्यावर त्याचं ताट कुठल्या मापानं मोजलं. पहिली गोष्ट ऑडिशनला ठरते, दुसरी चव घेताना. एक आली म्हणून मागोमाग दुसरी येतेच असं अजिबात नाही.

विविधतेच्या बाबतीत शोला नावं ठेवायला जागा कमी आहे, हे मान्य करूया. २०१० ला पहिला सीझन जिंकला लखनौच्या पंकज भदौरियांनी, शाळेत शिकवायच्या त्या. २०२३ ला आसामचा नयनज्योती सैकिया जिंकला आणि आपल्या सुवर्णा बागुल पहिल्या तिघांत होत्या, त्याच्या पुढच्या सीझनला मंगळूरचा मोहम्मद आशिक, ज्यूसचं दुकान चालवणारा. यादी मस्त आहे. पण यादीवरून एवढंच कळतं की दार उघडं होतं.

दार उघडं आणि माप मात्र एकाच घरचं, असं झालं की काय होतं ते २०१८ ला ब्रिटनच्या मास्टरशेफमध्ये दिसलं. मलेशियात जन्मलेल्या झलेहा ओल्पिन यांनी नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, आणि त्याबरोबर चिकन रेंडांग केलं होतं, आणि परीक्षक म्हणाले की कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही. आता रेंडांग म्हणजे नारळाच्या दुधात आणि मसाल्यात तासनतास शिजवलेलं मांस, त्यात कातडी कुरकुरीत होणार कुठून? बाई बाहेर गेल्या आणि मलेशिया, इंडोनेशिया, सिंगापूर, एरवी रेंडांग नक्की कुणाचं यावरून भांडणारे सगळे एकत्र येऊन परीक्षकांवर तुटून पडले, मलेशियाच्या पंतप्रधानांनीसुद्धा ट्विट केलं. म्हणजे विविधता होती, बाईंना घेतलंच होतं की शोमध्ये. मापच चुकीचं होतं.

हे आपल्याला लगेच समजायला पाहिजे, कारण आपला पांढरा रस्सा घ्या. मटणाचा स्टॉक, त्यात खसखस, तीळ, काजूचं वाटण, आणि नारळाचं दूध अगदी शेवटी, ते घातल्यावर खळाखळा उकळू द्यायचं नाही नाहीतर रस्सा फाटतो. तो पातळच असतो, वाटी तोंडाला लावून प्यायचा असतो. उद्या कुणी सूपचा चमचा बुडवून म्हणालं की याला बॉडी नाही, क्रीम कमी पडलं, तर कोल्हापूरची बाई शोमध्ये घेतल्याचा उपयोग काय झाला? आणि तोच रस्सा फाटलेला असताना वा वा काय गावरान चव म्हणून डोक्यावर घेतला, तर तोही अन्यायच, फक्त गोड बोलून केलेला, कारण शेजारच्या टेबलवरच्या माणसाचा सॉस फाटला की त्याला मात्र घरी पाठवणार. मला वाटतं आपल्याकडं हा दुसरा प्रकार जास्त चालतो.

आता उलटं. नियम सगळ्यांना सारखा, पण विविधता गुल. २०१५ चा मास्टरशेफ इंडियाचा सीझन पूर्ण शाकाहारी होता. नियम म्हणून बघितलं तर कुणावर अन्याय नाही, सगळ्यांनाच भाजी. पण ज्याचा हात मटणावर, सुक्यावर, खिम्यावर बसलेला आहे त्यानं काय करायचं, त्याचं अर्धं स्वयंपाकघर गेटवरच काढून घेतलं की.

त्याहून जास्त डोकेदुखी झाली २०२३ ला. अरुणा विजय नावाच्या स्पर्धक धर्मानं जैन होत्या, मांस-मासे शिजवत नव्हत्या, आणि जिथं बाकीच्यांना मासा मिळाला तिथं त्यांना पनीर मिळालं. सोशल मीडियावर नुसता दंगा, पार्शलिटी पार्शलिटी म्हणून. माझं मत विचाराल तर पर्याय देण्यात काहीच चूक नव्हती, जैन स्पर्धक घेतलीय तर तिला पर्याय द्यायलाच लागणार, नाहीतर घेतली कशाला. चूक असलीच तर पर्याय किती अवघड आहे त्यात. मासा दोन मिनिटं जास्त राहिला तर वाया जातो, साफ करता आला पाहिजे, काटे काढता आले पाहिजेत, पनीर बिचारं सगळं सहन करतं. कुस्तीत वजनगट वेगळे असतात म्हणून कुणी तक्रार करत नाही, पण म्हणून हलक्या गटात कुस्ती लुटुपुटूची नसते. पनीरऐवजी फणस द्या, केळफूल द्या, सोलतानाच घाम निघाला पाहिजे. लोकांचा राग पर्यायावर निघाला, तो खरं तर त्याच्या सोपेपणावर निघायला पाहिजे होता.

मग काहीजण म्हणतात की सरळ डोळे झाकून परीक्षण करा, विषय संपला. ब्रिटिश बेक ऑफ या केक-ब्रेडच्या शोमध्ये टेक्निकल फेरी तशीच असते, कुठली प्लेट कुणाची हे परीक्षकांना माहीत नसतं. चांगली पद्धत आहे, नाव, चेहरा, रडकी स्टोरी सगळं बाजूला पडतं. पण रेसिपी परीक्षकच देतात, म्हणजे कुणी बनवलं हे झाकलं तरी चांगलं कशाला म्हणायचं ते आधीच ठरलेलं. आमच्याकडं मंडळांच्या पाककला स्पर्धेत हे करायला जातात तेव्हा वेगळीच मजा, डिशपुढं चिठ्ठीवर नुसता क्रमांक आणि पातेल्यावर मात्र सासूबाईंचं अख्खं नाव कोरलेलं, तारखेसकट.

तरीपण कुणाच्या हातचं हा प्रश्न आपल्याकडं हसण्यावारी न्यायचा नाही. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात हॉटेल काढलं तेव्हा दलिताच्या हातचा चहा प्यायला वरच्या जातीतले लोक येईनात. हॉटेल निघालं होतं, दार उघडं होतं, पण कप कुणी उचलत नव्हतं. शाहू महाराज स्वतः तिथं गेले आणि चहा प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. धंदा उभा राहणं एक आणि त्याची चव घेतली जाणं दुसरं, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

राहता राहिला चॅनेलवाला. अमेरिकेच्या टॉप शेफमध्ये शेवटी पाटी येते की निर्णय परीक्षकांनी निर्मात्यांशी चर्चा करून घेतले. निदान लिहितात तरी. निर्मात्याला विविधता पाहिजेच असते, कारण ती पोस्टरवर दिसते, प्रोमोत दिसते, गावाकडचे लोक टीव्हीला चिकटून बसतात. मार्कांचा हिशोब पोस्टरवर दिसत नाही, म्हणून त्यावर कुणी मेहनत घेत नाही. आपल्याकडच्या शोवाल्यांनी दर फेरीला सरळ पडद्यावर लिहून टाकावं, चवीला किती मार्क, हातातल्या कसबाला किती, ताट सजवायला किती, आणि स्पर्धकाच्या डोळ्यांतल्या पाण्याला किती.