रायफलची आयर्न साइट : निवड

दुर्बीण न वापरता नेम धरण्यासाठी रायफलवर जी साधने बसवतात त्यांना आयर्न साइट म्हणतात. पुढची साइट, म्हणजे माशी, नळीच्या तोंडाशी असते. मागची डोळ्याच्या बाजूला. मागच्या साइटला वरून उघडी खाच असली तर ती ओपन साइट आणि बारीक गोल छिद्र असले तर पीप साइट. भारतातल्या एअर रायफल स्पर्धांत या दोहोंचे वेगळे गट असतात. ऑलिंपिक दर्जाचे रायफल नेमबाज मात्र पीप साइटच वापरतात. तिथे दृष्टिदोष दूर करणारे भिंग चालते, लक्ष्य मोठे करून दाखवणारे चालत नाही.

ओपन साइटमध्ये खाच, माशी आणि लक्ष्य तीन वेगळ्या अंतरांवर असतात आणि डोळ्याला एका वेळी त्यातले एकच नीट दिसते. माशी स्पष्ट ठेवायची, बाकी दोन्ही थोडे धूसर राहू द्यायचे, हा त्यावरचा जुना उपाय. चाळिशी लागली की खाच फारच पुसट होते. पीप साइटच्या छिद्रातून पाहताना डोळा आपसूक मध्य गाठतो, शिवाय छिद्र बारीक असल्याने माशी आणि लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. पहिल्या महायुद्धातल्या थ्री-नॉट-थ्री ली-एनफील्डवर नळीवरच खाच होती. दुसऱ्या महायुद्धातल्या क्रमांक 4 नमुन्यावर छिद्र आले आणि ते मागे डोळ्याजवळ सरकले. कलाश्निकोव्हने खाच कायम ठेवली, कारण जवळच्या, हलत्या लक्ष्यावर ती पटकन सापडते.

साइट मागे सरकण्याला महत्त्व आहे, कारण दोन साइटमधले अंतर जितके जास्त, तितका तेवढ्याच चुकीचा लक्ष्यावरचा फरक कमी. दोन साइटमधले अंतर 75 सेंमी असेल आणि माशी मध्यापासून 0.1 मिमी ढळली, तर 10 मीटरवर सुमारे 1.3 मिमी आणि 50 मीटरवर सुमारे 6.7 मिमी फरक पडतो. 50 मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ 10.4 मिमी व्यासाचे असते. म्हणजे एवढ्याशा चुकीने गोळीचा मध्य त्या वर्तुळाबाहेर जातो. काही नेमबाज नळीला पुढे पोकळ जोड लावून माशी लांब नेतात ते याचसाठी.

स्पर्धेच्या रायफलीत माशीच्या जागी नळकांड्यात बसवायची, बदलता येणारी रिंग असते, आणि खरी निवड इथे आहे. महागडी मागची साइट घेऊन चुकीच्या रिंगने खेळणाऱ्याला त्या साइटचा काही उपयोग होत नाही. 10 मीटरच्या लक्ष्याचा काळा भाग 30.5 मिमीचा, 50 मीटरच्या लक्ष्याचा 112.4 मिमीचा. माशी डोळ्यापासून 1 मीटरवर धरली, तर रिंगच्या जागी पहिला 3.05 मिमीएवढा दिसतो, दुसरा जेमतेम 2.25 मिमी. म्हणून दोन्ही प्रकारांना एकच रिंग पुरत नाही. रिंग आणि काळा भाग यांच्यामध्ये पांढरी कड स्पष्ट दिसली पाहिजे. 10 मीटरला त्यासाठी 4 मिमीच्या आसपासची रिंग सुरुवातीला ठीक. नवशिक्यांचा कल घट्ट रिंगकडे असतो, नेम जास्त अचूक होईल असे वाटून. होते उलटे. कड इतकी बारीक होते की रायफलची किंचित हालचालही डोळ्याला खुपते, चाप दाबायला उशीर होतो, डोळा थकतो आणि शेवटी घाईने झटका बसतो. शंका असेल तेव्हा मोठी रिंग घ्यावी.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ज्या 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात गुडघ्यावर, पडून आणि उभे राहून नेम धरावा लागतो. प्रत्येक स्थितीत मान वेगळी असते, त्यामुळे साइटची उंची आणि डोळ्यापासूनचे अंतर पुन्हा जुळवावे लागते. उभ्या स्थितीत शरीर जास्त डोलते, म्हणून तिथे बरेच जण आणखी मोठी रिंग लावतात. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिक येथे 50 मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. त्या प्रकारात पडून स्थिती एकच राहते आणि रिंग त्यामानाने लहान चालते.

मागच्या छिद्राचा आकार उजेडावर ठरतो. बहुतेक चांगल्या साइटवर तो फिरवून कमीजास्त करता येतो. 10 मीटरची बंदिस्त रेंज एकसारखी उजळलेली असते, तिथे एकदा बसवलेले छिद्र सहसा हलवावे लागत नाही. 50 मीटरला लक्ष्य उघड्यावर असते. ढग आला की छिद्र थोडे मोठे, ऊन पडले की लहान करतात. गोळ्या एका बाजूला जात असतील तर मागची साइट गोळी जिकडे न्यायची त्याच दिशेला सरकवतात, आणि हे जुळवून घेण्यासाठी स्पर्धेआधी तयारी आणि सरावाच्या गोळ्या मिळून 15 मिनिटे दिलेली असतात.