वर्षभर लाटांवर, मग परत वर्गात : ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाची सोडत, कागदपत्रं आणि परतीची सोय

पदवी झाली आहे, मास्टर्स करायचंच आहे, पण त्याआधी एक वर्ष परदेशात समुद्रकाठी राहायचं, कॅफेत कपबशा विसळायच्या, सुट्टीच्या दिवशी सर्फबोर्ड घेऊन पाण्यात पडायचं. युरोपातली पोरं हे कधीपासून करत आली आहेत. आपल्याकडे असं काही बोललं की घरचे पहिल्यांदा विचारतात, ‘आणि व्हिसा कुठला?’ प्रश्न रास्त आहे. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, विद्यार्थी व्हिसा घेतला तर भरमसाट फी भरून वर्गात बसावं लागतं.

ऑस्ट्रेलियापुरतं याचं उत्तर आता आहे. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारावर २ एप्रिल २०२२ रोजी सह्या झाल्या, २९ डिसेंबर २०२२ पासून तो लागू झाला आणि त्यातच दरवर्षी १,००० भारतीय तरुणांना ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा देण्याचं ठरलं. प्रत्यक्षात दार उघडलं सप्टेंबर २०२४ मध्ये. व्हिसाचा प्रकार सबक्लास ४६२. बारा महिने राहता येतं, काम करता येतं, मधे देशाबाहेर जाऊन परत येता येतं.

जागा हजार आणि इच्छुक किती? पहिल्या वर्षी नोंदणी १ ते ३१ ऑक्टोबर २०२४ अशी होती आणि पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४० हजार नावं आली. म्हणून थेट अर्ज नाही, आधी सोडत. म्हाडाच्या घराची असते तशीच. ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाच्या संकेतस्थळावर इमीअकाउंट उघडायचं, नोंदणी करायची, २५ ऑस्ट्रेलियन डॉलर भरायचे. ते परत मिळत नाहीत. एका वर्षात एका माणसाची एकच नोंदणी. निवड संगणक करतो. त्यामुळे ‘आमच्याकडून भरा, नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला चहा पाजून वाटेला लावा. नोंदणीच्या तारखा दरवर्षी तिथेच जाहीर होतात. त्या तिथेच बघा, व्हॉट्सअॅपवर आलेल्या नकोत.

नोंदणीला लागतं फारच थोडं : वैध पासपोर्ट, पॅन कार्ड, आणि वय १८ ते ३०. एकतिसावा वाढदिवस झालेला नसावा. गोम पुढे आहे. नाव निघालं की व्हिसाचा पूर्ण अर्ज करायला २८ दिवस मिळतात. ज्याची फाइल आधीपासून तयार आहे त्याला हे दिवस भरपूर होतात. बाकीच्यांचे पहिले दहा दिवस विद्यापीठाच्या खिडकीसमोरच जातात.

माझ्या भाच्याचा अर्ज भरताना आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावात. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग त्याचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव वेगळ्या रकान्यात. पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण हजारो मैलांवर बसलेल्या अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. पॅन दुरुस्त करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून ते काम सोडतीच्या आधीच उरका. अर्जात नाव मात्र पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, रकान्यासकट.

आता पूर्ण अर्जाची कागदपत्रं. शिक्षणाची अट बारावीनंतर किमान दोन वर्षांची आहे. तेव्हा पदवी प्रमाणपत्र आणि सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका स्कॅन करून ठेवा. पैशांचा पुरावा साधारण ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा, शिवाय परतीच्या तिकिटापुरते. ही रक्कम स्वतःच्या नावावरच्या खात्यात, आणि आदल्या दिवशी अचानक आलेली नसली तर बरं. बाबांची एफडी दाखवून समजूत पटवण्यापेक्षा ते सोपं पडतं. व्हिसाचं शुल्क वेगळं. १ जुलै २०२५ ला ते ६७० डॉलर झालं.

इंग्रजीची पातळी ‘फंक्शनल’ म्हणजे कामापुरती मागतात. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ४.५ पुरतात. निकाल मात्र अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांतला हवा. मराठी माध्यमाच्या मुलांनी लगेच परीक्षेचे पैसे भरू नयेत. किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ पदवी किंवा पदविका अभ्यासक्रम संपूर्ण इंग्रजीतून झाला असेल तर तोही पुरावा धरला जातो. कॉलेजकडून तसं पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी घ्या. कारकून ‘असं पत्र आम्ही देत नाही’ म्हणाले तर बोनाफाइडच्या अर्जातच ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी’ ही ओळ घालून मागा. आमच्याकडे तसंच मिळालं.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. सध्याच्या पत्त्यावर पडताळणी होते, त्यामुळे पुण्यात खोली आणि पासपोर्टवर गावचा पत्ता असेल तर आधी ते जुळवा. वैद्यकीय तपासणी ऑस्ट्रेलियाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, घरच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालत नाही. पहिला ४६२ व्हिसा ऑस्ट्रेलियाबाहेरूनच मागावा लागतो, आणि स्वतःच्या मुलाबाळांना सोबत नेता येत नाही.

व्हिसा मिळाल्यावरच्या अटी दोन लक्षात ठेवा. एका मालकाकडे साधारण सहा महिनेच काम, आणि शिक्षण जास्तीत जास्त चार महिने. किमान वेतन १ जुलै २०२५ ला तासाला २४.९५ डॉलर झालं. त्यातून या व्हिसावाल्यांना पहिल्या डॉलरपासून, ४५,००० डॉलरपर्यंत, १५ टक्के कर बसतो. टॅक्स फाइल नंबर, म्हणजे तिथला कराचा क्रमांक, पोचल्या पोचल्या काढा. ‘रोख देतो, कमी देतो’ म्हणणारा मालक आपल्या भाषेत बोलला म्हणून आपला होत नाही.

सर्फिंगबद्दल थोडं. नवशिक्याने नूसाच्या फर्स्ट पॉइंटला किंवा बायरन बेच्या द पासला सुरुवात करावी. तिथली लाट लांब आणि समजूतदार. गर्दी मात्र असते. गोल्ड कोस्टच्या स्नॅपर रॉक्सला पहिल्या महिन्यात जाऊन स्थानिकांच्या शिव्या खाऊ नयेत. बेल्स बीचचं पाणी थंड, वेटसूटशिवाय दात वाजतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहणाऱ्यांची असते, बोर्ड घेऊन तिथे शिरायचं नाही. आमच्याकडे नारळी पौर्णिमेआधी पाण्यात उतरलं की आजी ओरडते. तिकडे लाल-पिवळ्या गणवेशातले जीवरक्षक शिट्टी मारतात, अर्थ तोच. निघण्याआधी कर्नाटकातल्या मुल्कीला चार दिवस शिकून गेलात तर निदान बोर्डावर उभं कसं राहायचं ते कळेल. विमा व्हिसासाठी सक्तीचा नाही, पण तिथली सरकारी आरोग्यसेवा आपल्याला लागू नाही. बोर्डाखालचा पंख (फिन) पिंडरीत घुसला तर टाक्यांचं बिल स्वतःचं. पॉलिसीत सर्फिंग धरलंय का, ते बारीक अक्षरात वाचा.

आता परतीचं. मुलं इथेच गाफील राहतात. आधी प्रवेश घेऊन ‘पुढच्या वर्षी येतो’ असं सांगण्याची सोय आपल्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत नाही. यंदाची जागा यंदाच. एमबीए किंवा एलएलबीची सीईटी साधारण मार्च ते मे दरम्यान इथल्या केंद्रांवर होते आणि तिचे गुण त्याच वर्षापुरते. म्हणजे जुलैत जाऊन पुढच्या जूनमध्ये आलात तर अजून एक वर्ष गेलं. या मंडळींनी फेब्रुवारीपर्यंत परतायचं, बारा महिने पुरे करायचा हट्ट नको. एमटेकवाल्यांचं बरं आहे. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, तो देऊनच निघा.

पदवी अर्धी टाकून जाणाऱ्यांसाठी नव्या शैक्षणिक धोरणात वाट आहे. दोन वर्षांनंतर ठरलेले जादा क्रेडिट पुरे करून पदविका घेऊन बाहेर पडता येतं, तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि एकूण पदवी सात वर्षांत संपवायची असते. क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, जमा झालेत का, ते जाण्याआधी लॉगिन करून डोळ्यांनी बघा. नुसतं कॉलेजला यायचं बंद केलंत तर त्याला बाहेर पडणं म्हणत नाहीत, गैरहजेरी म्हणतात.

परत आल्यावर बहुतेक ठिकाणी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत शिक्षणात खंड, आणि कारण. पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी तारखा जुळू द्या. विद्यापीठ बदलणार असाल तर मायग्रेशन आणि लिव्हिंग निघण्याआधीच काढून ठेवा. ओबीसी, व्हीजेएनटीच्या मुलांनी नॉन-क्रिमीलेअरची तारीख बघावी. ते ३१ मार्चला संपतं आणि नवीन काढायला वडिलांच्या उत्पन्नाचे दाखले लागतात. तहसील कार्यालयातली ती फेरी बायरन बेहून मारता येत नाही, तेव्हा घरातल्या कोणाला तरी दाखले कुठल्या कपाटात, कुठल्या फायलीत आहेत ते दाखवून जा.