पाण्यात तणनाशक आहे का? पालकाला विचारा

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला पालकाचा एक प्रयोग असायचा. बर्फावर थंड केलेल्या खलात, साखरेच्या गार द्रावणात पानं घोटायची, मलमलीतून गाळायची आणि त्या हिरव्या पाण्यात डीसीपीआयपी नावाच्या निळ्या रंगाचे थेंब टाकायचे. नळी दिव्यासमोर धरली की काही मिनिटांत निळा रंग उतरत जातो आणि पालकाचा हिरवा तेवढा मागे राहतो. अंधारातली नळी मात्र निळसरच राहते. पान ठेचलं, गाळलं, तरी हरितलवकं उजेडात इलेक्ट्रॉन पुढे ढकलायचं काम सोडत नाहीत. ते इलेक्ट्रॉन निळ्या रंगानं घेतले की तो विटतो. हरितलवकं पानाबाहेरही प्राणवायू सोडतात हे रॉबिन हिल यांनी १९३७ मध्ये दाखवलं, म्हणून ही ‘हिल अभिक्रिया’.

आता त्याच नळीत डाययुरॉन नावाच्या तणनाशकाचा किंचित अंश टाका. दिवा कितीही वेळ लावून ठेवा, निळा रंग हटत नाही. तणनाशक ओळखणारं उपकरण तयार झालंसुद्धा!

घडतं ते असं. हरितलवकात फोटोसिस्टीम-२ नावाचा प्रथिनांचा मोठा संच असतो. त्यातल्या डी-१ या प्रथिनात एक खोबण आहे. प्लास्टोक्विनोन नावाचा रेणू तिथे येऊन बसतो, दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि उठून पुढे जातो. लगेच दुसरा येतो. ॲट्राझीन, डाययुरॉन, मेट्रिब्युझिन ही तणनाशकं नेमकी याच खोबणीत शिरतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसंच. रुमाल तो केवढा, पण खरा प्रवासी उभाच राहतो. ॲट्राझीनच्या रेणूपेक्षा फोटोसिस्टीम-२चा संच दीड हजार पटींहून जड आहे, तरी सगळं काम ठप्प होतं. तण उपाशी मरतं असा समज आहे; खरं तर ते आधी होरपळतं. अडलेल्या ऊर्जेतून प्राणवायूची जहाल रूपं तयार होतात आणि ती पेशींची आवरणं जाळतात.

मग मका का मरत नाही? त्याची खोबण काही वेगळी नाही. ॲट्राझीन हरितलवकात पोचण्याआधीच मका ते निकामी करून टाकतो.

आपल्याकडे उसात आणि मक्यात ॲट्राझीन मारतात. ते पावसाबरोबर जमिनीत उतरतं आणि भूजलात बराच काळ टिकतं. युरोपात पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीडनाशकाची किंवा तणनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये एक मिलिग्रॅम, म्हणजे साखरेचे एकदोन दाणे! भूजलात ही मर्यादा पाळली जाईल अशी खात्री पटेना, म्हणून युरोपीय संघानं २००४ मध्ये ॲट्राझीनची मान्यता काढली. अमेरिकेत ते चालतं. तिथली मर्यादा ३ मायक्रोग्रॅम.

इतकं कमी प्रमाण मोजायला मोठ्या प्रयोगशाळेतली महागडी यंत्रं लागतात. जैवसंवेदकाची, म्हणजे सजीवाच्या एखाद्या भागाकडून पदार्थ ओळखून घेणाऱ्या उपकरणाची, कल्पना त्याहून साधी आहे. ग्लुकोमीटरच्या पट्टीसारख्या छापील इलेक्ट्रोडवर पालकाची हरितलवक-पटलं किंवा शुद्ध केलेली फोटोसिस्टीम-२ जेलमध्ये बसवायची आणि तांबड्या एलईडीची उघडझाप करायची. प्रत्येक झोताला विद्युतप्रवाहाची एक उसळी दिसते. नमुन्याचं पाणी घातल्यावर ती जितकी खुजी होईल, तितकं तणनाशक जास्त.

दुसरी वाट प्रकाशाची. इलेक्ट्रॉनला पुढे जायला जागा नसली की हरितद्रव्य शोषलेल्या ऊर्जेचा काही भाग तांबड्या चकाकीच्या रूपात परत फेकतं. अंधारातून उजेडात आणलेल्या पानाची ही चकाकी कशी चढते आणि उतरते, हे हान्स काउट्स्की यांनी १९३१ मध्ये नोंदवलं होतं. तणनाशक असेल तर ती झपकन चढते आणि वरच राहते.

अडचण आहे ती डी-१ची. झाडातसुद्धा हे प्रथिन उजेडानं सारखं मोडतं आणि झाड ते पुन्हा पुन्हा नवं घडवतं. पट्टीवर घडवणार कोण? त्यामुळे पालकाची पट्टी लवकर मंदावते. यासाठी काहीजण गरम पाण्याच्या झऱ्यांतल्या सायनोबॅक्टेरियांची काटक फोटोसिस्टीम वापरतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी मर्यादा: ग्लायफोसेट हे तणनाशक या पट्टीला दिसतच नाही, टू-फोर-डी हे तणनाशकही नाही. ती वेगळ्याच ठिकाणी घाव घालतात. तेव्हा पट्टी ‘ठीक’ म्हणाली तरी पाणी स्वच्छ आहे असं मानू नये. उलट पाण्यात तांबं किंवा कॅडमियम असलं, तर तणनाशक नसतानाही प्रवाह घटू शकतो.

आणि खोबण कुणी अडवली हे पट्टीला सांगता येत नाही. इथे तणच मदतीला आलं. ॲट्राझीनला दाद न देणाऱ्या तणाची नोंद अमेरिकेत १९७० मध्ये झाली. पुढे १९८३ मध्ये राजगिऱ्याच्या भाऊबंदातल्या एका तणात कारण सापडलं: डी-१मधल्या २६४व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लायसीन हे दुसरं. एवढ्यानं ॲट्राझीनची पकड सुटते, डाययुरॉनची मात्र फारशी नाही. मग साध्या डी-१च्या पट्टीशेजारी बदललेल्या डी-१ची पट्टी ठेवायची. दोन्ही थंडावल्या तर संशय डाययुरॉनच्या कुळावर. पहिली थंडावली आणि दुसरी चालू राहिली, तर पाण्यात ॲट्राझीन किंवा त्याचं भावंड आहे.