उधारीची वही आणि कराचे वर्ष

सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. मागोमाग आणखी गिरण्या आल्या आणि शहर भोंग्यावर उठू लागले. गिरणीतल्या माणसाला हिशेब ठेवावा लागत नसे. कापायचे ते कापून पगार हातात पडे. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तसे बरेच जण माग, शिलाई, रिक्षा, दुकान अशा आपापल्या धंद्याला लागले. चार मागांवर मजुरीने टॉवेल विणणारा, शाळांचे गणवेश शिवून देणारा, घरून डिझाईनची कामे घेणारा, या सगळ्यांचा हिशेब आज कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. स्वतःच्या नसला तर कर सल्लागाराच्या संगणकात तरी असतोच.

संगणक स्वस्त झाले म्हणून हे घडले, असे सर्रास सांगितले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. हिशेब आधीही चोख होते, पण ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत.

पेठेतल्या जुन्या पेढीवरची वही लाल कापडात बांधलेली, लांबट. रेघा आखायच्या नाहीत. पानाला घड्या घालून सळ पाडायचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दिवसाचे व्यवहार कीर्दीत, तिथून माणसागणिक खतावणीत. पान उघडले की अमक्याकडून किती येणे, तमक्याला किती देणे, हे एका नजरेत दिसे. वर्षाचा नफा दिवाळीच्या पाडव्याला वही बदलताना पाहिला जाई आणि तोही बऱ्याचदा अंदाजानेच. सूत उधार, माल उधार, विणकराला दिलेली उचल वेगळी, अशा बाजारात माणसाचे खाते महत्त्वाचे. वर्षाचा आकडा बघायला सवड होती.

आयकर खात्याला मात्र नेमका वर्षाचा आकडा हवा होता. १९६१ च्या आयकर कायद्याने बराच काळ व्यापाऱ्याला हिशेबाचे वर्ष निवडायची मुभा दिली होती, त्यामुळे दिवाळी ते दिवाळी चालत असे. १९८९ पासून सर्वांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष सक्तीचे झाले. दिवाळीचे वर्ष धरणाऱ्यांचा तो बदलाचा हिशेब सतरा महिन्यांवर गेला. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा आजही होते, पण ती वही करापुरती तेव्हाच बाजूला पडली. त्याआधी, १९८५ पासून, चाळीस लाखांवर उलाढाल असलेल्या धंद्याला सनदी लेखापालाकडून कर लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक झाले होते. म्हणजे घडीच्या वहीतला मजकूर आता दुसऱ्या कोणाला वाचता येणे भाग होते.

याच सुमारास बंगळुरात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा जन्म झाला. श्यामसुंदर गोएंका दक्षिण आणि पूर्व भारतातल्या कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. आपला हिशेब सांभाळेल असे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोएंका यांना, ते बनवायला सांगितले. १९८६ साली कंपनी निघाली. त्या काळच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक द्यावा लागे. टॅलीत थेट नाव टाकून खाते उघडायचे. गिरण्यांशी व्यवहार करणाऱ्याच्या गरजेतून निघालेली ही चीज खतावणीवर हात बसलेल्या दिवाणजीला फार परकी वाटली नसणार. माणसाच्या नावाने खाते, ही सवय दोन्हीकडे एकच.

तरी लहान धंदेवाला अजून बाहेरच होता. १९५७ पासून कापडावर राज्यांच्या विक्रीकराऐवजी केंद्राचे अतिरिक्त उत्पादन शुल्क होते, त्यामुळे कापडाच्या धंद्यातल्या अनेकांचा विक्रीकर कार्यालयाशी संबंधच येत नसे. २००५ साली महाराष्ट्रात विक्रीकराच्या जागी व्हॅट आला तेव्हा किराणा, हार्डवेअरवाल्यांनी धावपळ करून टॅली घेतली. मजुरीवर माग चालवणारा मात्र बिलांची पिशवी घेऊन जुलैत कर सल्लागाराकडे जायचा. त्याच काळात संध्याकाळी दोन-तीन दुकानांची कामे उरकणारे पार्ट टाईम अकाउंटंट गल्लोगल्ली दिसू लागले. एमएससीआयटी झाली की टॅलीचा क्लास, हे बी. कॉम.च्या मुलामुलींचे ठरूनच गेले.

१ जुलै २०१७ च्या जीएसटीने ही बाहेर राहायची वाट बंद केली. कापड करात आले, मजुरीच्या विणकामावरही पाच टक्के लागले. वीस लाखांच्या आतल्या मजुरीवाल्याला नोंदणीची सक्ती नव्हती, पण त्याला काम देणारा व्यापारी रीतसर बिल मागू लागला. दरवर्षीची पिशवी दर महिन्याची झाली, लहानांसाठी २०२१ पासून तिमाहीची.

सॉफ्टवेअरमध्ये खरी अडचण कुठे येते, ते उचलीत दिसते. विणकराला दिलेले दहा हजार खर्चात टाकले की नफा उगाच कमी दिसतो. ते येणे आहे, आठवड्याच्या मजुरीतून वळते होणारे. तसेच दुकानाच्या गल्ल्यातून घरी नेलेले पैसे. जुन्या कीर्दीत ‘घरखर्च’ खाते असे, टॅलीत ते ‘ड्रॉइंग्ज’मध्ये जाते, आणि यूपीआय आल्यापासून दोन्ही एकाच बँक खात्यात इतके मिसळतात की मार्चअखेर वेगळे काढताना अकाउंटंट वैतागतो. धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवा, हा सल्ला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचा आहे, असे माझे मत.

सरकारने एक सोपी वाटही ठेवली होती. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४ एडीनुसार ठरावीक मर्यादेतल्या धंद्याने उलाढालीच्या आठ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के नफा दाखवला की सविस्तर वह्या लागत नाहीत. डॉक्टर, वकील अशा व्यावसायिकांसाठी ४४ एडीए, तिथे निम्मी जमा उत्पन्न धरायची. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या आयकर कायद्यात या तरतुदी कलम ५८ मध्ये एकत्र आल्या. अनेकांनी या वाटेने जाऊन सॉफ्टवेअर टाळले. पण कर्ज मागायला गेले की बँक ताळेबंद मागते, तिथे घोडे अडते.

फोनवरच्या अॅपनी नंतर गंमत केली. त्यांनी कराला हातच लावला नाही. उधारी लिहा, गिऱ्हाइकाला आठवणीचा मेसेज पाठवा, एवढेच. खतावणीच पुन्हा आली. टॅलीपासून लांब राहिलेल्या चहावाल्याने आणि शिंप्याने ती लगेच उचलली.

एप्रिल २०२४ पासून तर आयकर खातेच उधारीची विचारपूस करू लागले. सूक्ष्म वा लघु उद्योगाचे बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकते केले नाही, आणि मार्चअखेरही ते थकलेलेच असले, तर माल वा काम घेणाऱ्याला तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यापाऱ्याच्या संगणकावर बिलवार येणे-देण्याची यादी निघते आणि मजुरीवाल्याला फोन जातो: लघुउद्योगाची उद्यम नोंदणी आहे का, बिल कुठल्या तारखेचे? तारीख घातलेले बिल त्याच्याकडे असले, तर पैसे मार्चअखेरीच्या आत सुटण्याची शक्यता बरीच असते.