‘मीठ कमी’ म्हणजे नेमकं काय कमी?

‘वरून मीठ घेऊ नका’ हे वाक्य गोव्यात प्रेशरच्या प्रत्येक माणसाला पाठ आहे. डिचोलीची माझी मावशी ते शब्दशः पाळते. अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज घेते ती अळणी. मिठाचं भांडं तिने ताटाजवळून कधीच हलवलं. पेजेबरोबर मात्र बरणीतलं चेपणीचं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी, असतं, पावसाळ्यात जोडीला भाजलेला सुका बांगडा. मीठ तर मी सोडलं, असं ती ठामपणे सांगते आणि तिच्या हिशेबाने ते खोटंही नाही. ‘मीठ’ म्हणजे काय, याचा घोळ तिच्या एकटीचा नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तो डॉक्टरांचा, सरकारांचा आणि दुकानदारांचाही झालेला आहे.

मिठाचा रक्तदाबाशी संबंध फ्रान्समध्ये १९०४ साली मांडला गेला. दंडाला पट्टा बांधून, कानाने ठोके ऐकून वरचा-खालचा आकडा काढायची पद्धत त्यानंतरच्या वर्षी, १९०५ मध्ये आली. पण आकडा कळला तरी तो उतरवावा की नाही, यावर एकमत नव्हतं. वयाबरोबर दाब वाढायचाच, मुद्दाम खाली आणलात तर मेंदूला रक्त कमी पडेल, असं मानणारे १९३० च्या दशकातही होते. १२ एप्रिल १९४५ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी मोजलेला त्यांचा वरचा दाब ३०० होता.

त्याच दशकात अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जर्मनीहून आलेल्या एका डॉक्टरने रुग्णांना नुसता भात, फळं, फळांचे रस आणि साखर यांवर ठेवलं. मीठ नावालाही नाही. दिवसाचं सोडियम, म्हणजे मिठातला दाबाशी संबंध असलेला घटक, अर्ध्या ग्रॅमच्याही बरंच खाली. पुष्कळांचे दाब उतरले, डोळ्यांच्या पडद्यावरचे रक्तस्राव ओसरले. आपल्याकडे प्रेशरबरोबर साखर निघाली की पहिला वार भातावर होतो, म्हणून हा तपशील वाचताना मला दर वेळी हसू येतं. तिथे भात हेच औषध होतं, आणि तोही पांढरा. अर्थात असलं अन्न वर्षानुवर्षं खाणारा माणूस विरळाच.

मग गोळ्या आल्या. आपल्या सह्याद्रीच्या रानात मिळणाऱ्या सर्पगंधेवर मुंबईच्या एका डॉक्टरांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात लेख लिहिला आणि या मुळीची जगभर चर्चा झाली. १९५० चं दशक संपताना लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी गोळी निघाली. पथ्याने व्हायचं ते काम ती परस्पर करू लागली आणि पथ्य मागच्या बाकावर गेलं. ‘गोळी चालू आहे ना, मग खा’ हे घरोघरचं वाक्य तेव्हापासूनचं असावं.

पथ्य पुन्हा पुढे आलं ते १९९७ मध्ये. त्याआधी १९८८ साली ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी दहा हजारांवर माणसांची लघवी तपासून मिठाचा हिशेब मांडला होता. पण आलेला संबंध मिठाला दोष देणाऱ्या आणि न देणाऱ्या दोन्ही पक्षांना आपल्या बाजूने वाचता येण्याइतका ढिला होता आणि भांडण वर्षानुवर्षं चाललं. १९९७ च्या अमेरिकी प्रयोगाने वाट बदलली. ४५९ जणांना तयार जेवण दिलं, सगळ्यांच्या जेवणात मीठ सारखंच. एका गटाला मात्र भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही भरपूर. ज्यांचा दाब आधीच जास्त होता त्यांचा वरचा आकडा नेहमीचं जेवण घेणाऱ्यांच्या तुलनेत ११ ने उतरला, तोही दोन आठवड्यांत दिसण्याइतका. पुढे २००१ मध्ये ४१२ जणांवर याच आहारात सोडियमच्या तीन पातळ्या लावून पाहिल्या. मीठ जितकं कमी, तितका दाब आणखी खाली. डॉक्टरच्या कागदावर ‘डॅश’ असं लिहिलेलं दिसतं ते हेच. वजन उतरवणं, चालणं, दारू आवरणं यांचेही पुरावे त्याच सुमारास गोळा झाले. वजनाचा ढोबळ हिशेब असा : एक किलो उतरलं की दाब एका आकड्याने खाली.

आता घोळाकडे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. तीच शिफारस दुसऱ्या ओळीत २ ग्रॅमच्या आत सोडियम अशी लिहिलेली असते. दोन्ही एकच, कारण सोडियमला अडीचने गुणलं की मीठ. पण पाकिटावर छापलेलं असतं सोडियम, तेही मिलिग्रॅममध्ये आणि बहुधा १०० ग्रॅममागे. फरसाणाच्या पाकिटावर ‘सोडियम ८००’ दिसलं की माणसाला वाटतं, मीठ एक ग्रॅमसुद्धा नाही. असतं दोन ग्रॅम. शिवाय सोडियम मिठाखेरीजही येतं : खायच्या सोड्यातून, अजिनोमोटोतून.

त्यावर सैंधवाची भर. उपासाला चालतं, गुलाबी आहे, आयुर्वेदात आहे, म्हणून प्रेशरला चालतं, असा समज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून पणजीच्या बड्या दुकानांपर्यंत आहे. सैंधवही बहुतांश सोडियम क्लोराइडच. आगराचं मीठही तेच. पेडण्यातल्या आगरवाड्यापासून रायबंदरपर्यंत आमची मिठागरं किती जुनी, हे सांगायला नको. १८७८ च्या पोर्तुगीज-इंग्रज तहाने इथल्या मिठावरचा ताबा इंग्रजांकडे गेला आणि या धंद्याचं कंबरडं मोडलं. पुढे २००६ पासून आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आली आणि आगराचं मीठ माडाच्या मुळात आणि मासे खारवण्यात जास्त जाऊ लागलं. मला त्या खड्याची चव अजून आवडते. पण चव वेगळी म्हणून सोडियम वेगळं होत नाही. आणि पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, दिवसांत सुकी सुंगटं (कोळंबी), बांगडे, खारवलेले गरे, तोरं घरात भरली जातात तेव्हा माशात मुरलेलं मीठ कुणीच मिठात धरत नाही.

खरा वाद सध्या तिसऱ्याच मिठावर आहे. सोडियमचा काही भाग काढून तिथे पोटॅशियम क्लोराइड घातलेलं मीठ. चीनच्या ६०० खेड्यांतल्या जवळपास २१ हजार लोकांवर सुमारे पाच वर्षं प्रयोग झाला : निम्म्या खेड्यांना असं मीठ (पाऊण भाग नेहमीचं, पाव भाग पोटॅशियमचं) दिलं, बाकीच्यांना नेहमीचंच. ही माणसं आधी पक्षाघात झालेली, किंवा साठीच्या पुढची आणि दाब असलेली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला : पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरच्या वापरासाठी या मिठाची शिफारस केली, पण अटी घालून. गरोदर बायका, मुलं आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना ती लागू नाही.

अट वाचायला सोपी वाटते. गोव्यात ती अवघड आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. मधुमेह आणि दाब एकत्र आले की मूत्रपिंड गुपचूप झिजतं, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) तपासेपर्यंत माणसाला पत्ता नसतो. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपणाऱ्या प्रेशरच्या गोळ्याही रक्तात पोटॅशियम अडवून ठेवतात. ते फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. शिफारशीच्या बाजूचे लोक चीनचा दाखला देतात : तिथे असा अपाय वाढलेला दिसला नाही. पण मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना तिथे आधीच वगळलं होतं, आणि रक्तातलं पोटॅशियम नियमित मोजलंही नव्हतं. हे पाकीट किराण्याच्या फळीवर नेहमीच्या मिठाशेजारी ठेवायचं, की तपासणीनंतर हाती द्यायचं, यावर डॉक्टरांत सरळ दोन तट आहेत. मी दुसऱ्या तटाकडे झुकतो, निदान मांडवीच्या या दोन काठांपुरता.

मावशीला भाच्याने असलं पाकीट आणून दिलं होतं. तिच्या गोळीचं नाव ‘सार्टन’ने संपतं, म्हणून डॉक्टरांनी ते आधी बाजूला ठेवायला लावलं आणि रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट यायचा आहे. तोवर ती तोर रात्रभर पाण्यात घालते, सकाळी ते पाणी ओतून देते आणि फोड तोंडात टाकून म्हणते, याला आता तोर कोण म्हणेल?